शून्य आणि 'कळवलेलं नाही'



मी बराकपूरहून बोलतोय. कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनावर लोकल धरली की पाऊण तासात येणारं, गंगेकाठचं हे छावणीचं गाव. तोफखान्यात बत्तीस वर्षं काढली. देवळालीत शिकलो, राजस्थानच्या वाळूपासून उत्तरेच्या बर्फापर्यंत फिरलो, आणि बायको इथली असल्यामुळे निवृत्तीनंतर इथंच घर केलं. महाराष्ट्राचा आहे म्हटलं की शेजारचा एखादा म्हातारा हसून 'बर्गी!' म्हणतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी या मुलखात जे केलं, ते इथल्या आज्या नातवंडांना झोपवताना अजून आठवतात. मी म्हणतो, काका, मी चौथाई वसूल करायला नाही आलो, पेन्शन खायला आलोय.

संयोजकांनी विषय दिला तो संसदेतल्या आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांचा. फौजी माणसाला हा विषय कसा, असं वाटेल. निवृत्तीनंतर काही जण सुडोकू सोडवतात, मी संसदेतली लेखी उत्तरं वाचतो. ती फुकट मिळतात, दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर पडलेली असतात. आणि आयुष्यभर रिटर्न भरण्यात आणि तपासण्यात गेल्यामुळे तक्ता दिसला की माझी नजर आधी तळटीपेकडे जाते. कारण तक्त्यात जे सांगायचं नसतं ते बहुतेक वेळा तळटीपेत असतं.

आधी पद्धत थोडक्यात सांगतो. खासदाराला प्रश्न विचारायचा तर निदान पंधरा दिवस आधी लेखी द्यावा लागतो. प्रश्नांच्या मुख्य जाती दोन. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात. लोकसभेत दिवसाला असे वीस, तेही सोडत काढून, आणि त्यातले चार-पाच होईपर्यंत तास संपतो. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. ते पटलावर ठेवलं की झालं. लोकसभेत असे दिवसाला २३० पर्यंत, राज्यसभेत १६० पर्यंत. आरोग्य खात्याचा वार राज्यसभेत साधारण मंगळवार, लोकसभेत शुक्रवार. दोन्हींतला खरा फरक असा की तारांकित प्रश्नाला पूरक प्रश्न जोडता येतो. मंत्र्यांना तिथल्या तिथे अडवून 'म्हणजे नक्की काय?' असं विचारता येतं. लेखी उत्तराला लगेच उलटून विचारणारं कोणी नसतं. ते काम वाचणाऱ्यावर येतं, आणि वाचणारे फार थोडे.

आता मुद्द्यावर येतो. तारीख २० जुलै २०२१, वार मंगळवार, राज्यसभा. दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांनी विचारलं की ऑक्सिजनच्या तीव्र तुटवड्यामुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येनं कोविडचे रुग्ण दगावले हे खरं आहे का? लेखी उत्तर दिलं आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार, स्वतः डॉक्टर, आणि मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम तेरा दिवस झालेल्या. उत्तराचा सारांश असा: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सविस्तर सूचना केंद्रानं राज्यांना दिल्या आहेत, त्यानुसार राज्यं नियमित माहिती पाठवतात. मात्र ऑक्सिजनच्या अभावामुळे झालेले मृत्यू असे राज्यांनी वेगळे कळवलेले नाहीत. त्याच दिवशी सभागृहात आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनीही सांगितलं की राज्यं जे आकडे पाठवतात ते एकत्र करून प्रसिद्ध करणं हे आमचं काम.

दुसऱ्या दिवशी बातमी काय झाली, तर ऑक्सिजनअभावी देशात एकही मृत्यू नाही, असं सरकार म्हणतं. एका बाजूनं संताप, दुसऱ्या बाजूनं बचाव. दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर भांडत होत्या, म्हणजे शून्यावर. आणि उत्तरात तर शून्य नव्हतंच! उत्तरात होतं 'कळवलेलं नाही'.

माझं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

फौजेत रोज संध्याकाळी प्रत्येक ठाण्याकडून परिस्थितीचा अहवाल येतो. काही घडलं नसेल तरी यावाच लागतो. त्याला आम्ही 'निल रिपोर्ट' म्हणतो. सिव्हिलमधल्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. काही झालंच नाही तर कळवायचं काय? पण निल कळवायला तिकडे कोणीतरी जिवंत, शुद्धीवर आणि रेडिओशी बसलेलं असावं लागतं. म्हणून ड्यूटी ऑफिसरच्या रजिस्टरात दोन वेगळ्या नोंदी असतात. रिपोर्ट निल आला तर 'निल'. रिपोर्टच आला नाही तर 'आला नाही'. पहिल्या नोंदीनंतर ऑफिसर जेवायला जातो. दुसरीनंतर कमांडिंग ऑफिसरला उठवतो.

मी मेजर असताना उत्तरेत एका उंच ठाण्याचा अहवाल एका संध्याकाळी आला नाही. हवा खराब होती, रेडिओ अधूनमधून गप्प व्हायचाच. पण रजिस्टरात 'आला नाही' असं पडलं आणि पहाटे गस्त वर गेली. सेटची बॅटरी थंडीनं बसली होती, आणि एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. उंचीवरच्या या आजाराला आम्ही 'हेपो' म्हणतो. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे माणसाला खाली उतरवणं, आणि लवकर उतरवणं. तो वाचला. यात शौर्य काही नाही. एका क्लार्कनं रिकामी जागा 'निल' लिहून भरली नाही, एवढंच.

आता राज्यसभेतलं उत्तर या नजरेनं वाचा. राज्यांनी वेगळे कळवले नाहीत. पण त्यांना वेगळे विचारले होते का? केंद्राकडे रोज जाणारी माहिती होती नवे रुग्ण, बरे झालेले आणि मृत्यू अशी. त्यात ऑक्सिजन संपल्यानं गेलेल्यांचा रकाना नव्हता. खालीही नव्हता. मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र कधी नीट पाहिलंय? त्यात पहिल्या भागात मृत्यूचं तात्कालिक कारण, त्यामागचं कारण, मूळ कारण, आणि दुसऱ्या भागात इतर आजार. डॉक्टर लिहिणार कोविडचा न्यूमोनिया. आणि ते बरोबरच आहे, रोगाचं नाव तेच. सिलिंडर पहाटे तीनला संपला हे लिहायची जागा त्या कागदावर नाहीच. जो रकाना खालच्या कागदावर नाही, तो वरच्या तक्त्यात येणार कुठून?

त्याच उत्तरात एक आकडा मात्र अगदी नेमका दिला होता. पहिल्या लाटेत ऑक्सिजनची कमाल मागणी ३,०९५ टन होती, ती दुसऱ्या लाटेत सुमारे ९,००० टनांवर गेली. टनांचा हिशोब रोज होत होता, कारण टँकर कुठे पाठवायचा ते ठरवायचं होतं. ज्याच्यावर उद्या सकाळी निर्णय घ्यायचा असतो त्याचाच रकाना माणसं काळजीनं भरतात. बत्तीस वर्षांत याला अपवाद मी पाहिला नाही.

डॉ. पवारांच्याच जिल्ह्यात, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीत ऑक्सिजन भरताना गळती झाली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. हे ऑक्सिजनच्या अभावामुळे झालेले मृत्यू की अपघात? कायद्याच्या भाषेत अपघात म्हणता येईल. टाकीत ऑक्सिजन होता, नळीतून रुग्णापर्यंत पोचला नाही. गोव्यात ११ मे रोजी गोमेकॉत पहाटे दोन ते सहा या चार तासांत २६ रुग्ण गेल्याचं खुद्द राज्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितलं आणि उच्च न्यायालयानं चौकशी करावी अशी मागणी केली. राज्याचा मंत्री कॅमेऱ्यासमोर आकडा सांगतोय, पण दिल्लीकडे जाणाऱ्या तक्त्यात त्याला जागा नाही. मी यात कुणा एका पक्षाला बोल लावत नाही. त्या वेळी महाराष्ट्रात एकांचं सरकार होतं, गोव्यात दुसऱ्यांचं, बंगालमध्ये तिसऱ्यांचं. रकाना सगळ्यांचाच नव्हता.

आणि पुढे काय झालं तेही बघा, कारण यात संसदेचं थोडं कौतुक आहे. गदारोळ झाल्यावर केंद्रानं राज्यांना पत्रं लिहून हाच प्रश्न स्पष्ट विचारला. ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशनं कळवलं की व्हेंटिलेटरवरचे काही रुग्ण ऑक्सिजनचा दाब कमी झाल्यानं दगावले. ३ डिसेंबरला मांडवियांनी लोकसभेत सांगितलं की १९ राज्यांनी उत्तर पाठवलं, आणि त्यात फक्त पंजाबनं चार संशयित मृत्यू कळवले. वर्तमानपत्रांत 'चार' हा आकडा गाजला. मला १९ हा आकडा मोठा वाटला. राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून ३६. म्हणजे १७ ठाण्यांचा रेडिओ गप्प. त्या सतरांवर गस्त कोणी पाठवली?

त्याच्या आधीच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. तेव्हा कोविडनं किती आरोग्य कर्मचारी दगावले याची माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही, असं उत्तर आलं होतं. कारण तेच, आरोग्य हा राज्यांचा विषय. इंडियन मेडिकल असोसिएशननं मग स्वतःच ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. एका संघटनेला जे जमलं ते सरकारला जमणार नाही असं नाही.

हे सगळं दिल्लीचं झालं. आता माझ्या गल्लीत येतो, कारण 'राज्यांचा विषय' म्हणजे काय ते इथं चालत जाऊन बघता येतं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने राज्यसूचीत, नोंद सहा. साथीचा रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं समवर्ती सूचीत, नोंद एकोणतीस. आणि छावणी, म्हणजे कँटोन्मेंटचा कारभार, संघसूचीत, नोंद तीन. आता बराकपूर बघा. मी रस्त्याच्या या बाजूला, पालिकेच्या हद्दीत राहतो. इथलं सरकारी रुग्णालय म्हणजे डॉ. बी. एन. बोस महकुमा रुग्णालय. महकुमा म्हणजे आपला उपविभाग. ते राज्याचं, त्याबद्दलचा प्रश्न कलकत्त्याच्या विधानसभेत. रस्ता ओलांडला की छावणी. तिथल्या छावणी मंडळाच्या दवाखान्याबद्दल विचारायचं तर उत्तर देणार संरक्षणमंत्री, दिल्लीत. मी स्वतः माजी सैनिकांच्या योजनेतल्या पॉलिक्लिनिकमध्ये जातो, तेही संरक्षण मंत्रालयाकडे. एका चौकात उभं राहून तीन दिशांना तीन वेगळे मंत्री. बेळगाव, खडकी, देवळाली, कामठी, महू इथं राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फक्त डास हा एकच प्राणी तिन्ही हद्दींत विनापरवाना फिरतो.

तर डासाचीच गोष्ट. आमचा जिल्हा उत्तर २४ परगणा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि नंतर इथं तापाची मोठी साथ आली. दवाखान्यांत जमिनीवर माणसं. वर्तमानपत्रांत एक शब्द रोज, 'अजाना ज्वर', म्हणजे अनोळखी ताप. मृत्यूच्या दाखल्यांवर डेंग्यू लिहीत नाहीत, ताप लिहितात, अशी लोकांची तक्रार. बारासतच्या जिल्हा रुग्णालयातल्या एका सरकारी डॉक्टरनं वॉर्डातली परिस्थिती फेसबुकवर लिहिली म्हणून त्यांना निलंबित केलं गेलं. त्या वर्षीचा बंगालचा अधिकृत आकडा केंद्राच्या तक्त्यात आहे, ३७ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४६ मृत्यू.

मग २०१८ चा रकाना बघा. 'एन. आर.' आणि २०१९? 'एन. आर.'

संसदेत डेंग्यूवर प्रश्न आला की आरोग्य मंत्रालय राज्यवार तक्ता जोडतं. त्यात महाराष्ट्रासमोर आकडा, गोव्यासमोर आकडा, बंगालसमोर ही दोन अक्षरं. तळटीपेत अर्थ दिलेला असतो, 'नॉट रिपोर्टेड'. राज्यानं कळवलं नाही. नऊ-दहा कोटींचं राज्य, डेंग्यूचं माहेरघर, आणि दोन वर्षं तक्त्यातून गायब. मात्र त्याखाली देशाची एकूण बेरीज असतेच. बेरीज करताना 'एन. आर.' शून्यासारखाच वागतो. बघणारा बेरीज बघतो आणि म्हणतो, अरे वा, कमी झाला की.

तरीही मी सांगेन की ज्या कुणी अधिकाऱ्यानं तिथं शून्य न टाकता 'एन. आर.' टाकलं, तो माणूस आमच्या रजिस्टरवाल्या क्लार्कच्या जातीचा. त्याला माझा सलाम. त्यानं आपलं काम केलं. पुढचं काम, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला उठवणं, ते कुणी केलं नाही.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येतात. बंगालीत मावशीला 'माशी' म्हणतात. माझी आई पहिल्यांदा इथं आली तेव्हा, घरात सगळे हाक मारतात ती माशी कुठे बसलीय, म्हणून शोधत होती. तर या माशींचा नवरा २०१९ च्या पावसात गेला. रिक्षा चालवायचा. चार दिवस ताप, गल्लीतल्या लॅबमध्ये कार्ड टेस्ट केली, डेंग्यू पॉझिटिव्ह. एका खासगी नर्सिंग होममध्ये नेला, सहाव्या दिवशी संपला. दाखल्यावर ताप आणि एकेक अवयव निकामी होत गेल्याचं लिहिलं होतं. डेंग्यू हा शब्द नव्हता. माशी प्लास्टिकच्या पिशवीत तो लॅबचा कागद आणि दाखला दोन्ही घेऊन माझ्याकडे आल्या, 'दादा, तुम्ही इंग्रजी वाचता, यात का नाही लिहिलं?'

मी शोधत गेलो, आणि जे कळलं ते असं. पहिलं, कार्ड टेस्ट राष्ट्रीय मोजणीत पक्का रुग्ण म्हणून धरतच नाहीत. त्यासाठी एलायझा पद्धतीची चाचणी लागते. तिचे किट आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते आणि देशभरच्या नेमलेल्या रुग्णालयांना पुरवते. गल्लीतल्या लॅबमध्ये ते नसतं. हा नियम शास्त्राच्या दृष्टीनं ठीक आहे, कार्ड चुकू शकतं. दुसरं, दाखल्यावर डॉक्टरनं जे लिहिलं तेच पुढे जातं. तिसरं, समजा या दोन्ही चाळण्यांतून हा माणूस पार पडला असता, तरी त्या वर्षी राज्यानं दिल्लीला काही कळवलंच नाही. म्हणजे माशींचा नवरा त्या तक्त्यात एकही नाही आणि शून्यही नाही.

यानं फरक काय पडतो, असं कुणी विचारेल. गेलेला माणूस आकड्यानं परत येत नाही. पण गल्लीत डेंग्यूनं मृत्यू झाला असं कागदावर आलं की पालिकेची माणसं येतात, टाक्या-कुंड्या तपासतात, अळ्या मारतात, शेजारच्या घरांत ताप आहे का विचारतात. 'ताप' लिहिलं की कोणी येत नाही. त्या घराला लागून तीन घरं होती आणि दोघांत लहान मुलं. मी आणि माझे दोन निवृत्त सोबती, एक हवाईदलाचे, एक रेल्वेचे, आम्हीच बॅटऱ्या घेऊन टाक्या बघत हिंडलो. वरच्या मजल्यांवर चढताना गुडघे काय म्हणाले ते सांगत नाही.

पुढच्याच वर्षी कोविडात बंगालनं निराळीच पद्धत काढली. २४ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या मुख्य सचिवांनी सांगितलं की तज्ज्ञ समितीनं ५७ मृत्यू तपासले, त्यातले १८ कोविडमुळे, आणि ३९ जणांना कोविड होता, पण मृत्यू त्यांच्या इतर गंभीर आजारांमुळे. रकाना नसणं, रकाना रिकामा ठेवणं, आणि रकान्याची व्याख्याच बारीक करणं, या तिन्हींतून वर पोचणारा आकडा लहानच होतो.

आमच्या इथल्या जुन्या व्हाइसरॉय बागेत लेडी कॅनिंगची कबर आहे. पहिल्या व्हाइसरॉयची बायको. १८६१ मध्ये दार्जिलिंगहून परतताना तराईत ताप लागला आणि ती गेली. तेव्हा त्याला 'जंगल ताप' म्हणत. हा शब्द तेव्हा प्रामाणिक होता, कारण मलेरिया डासानं होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादला आणि पुढच्या वर्षी इथं कलकत्त्यात ते दाखवून दिलं. २०१७ मध्ये 'अनोळखी ताप' म्हणायला तेवढं कारण राहिलेलं नव्हतं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट आम्हा फौजींची आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर एक शाही आयोग नेमला. फ्लोरेन्स नाइटिंगेल त्याच्यामागे होती. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. तिनं एक प्रश्नावली तयार केली आणि ती इथल्या सगळ्या लष्करी ठाण्यांना धाडली गेली. पाणी कुठून येतं, मोरी कुठे जाते, बराकीत माणशी जागा किती, दवाखान्यात आंघोळीची सोय काय. ठाण्यांकडून उत्तरं आली, कागदांचे ढीग. १८६३ च्या अहवालात एक आकडा निघाला: गोऱ्या शिपायांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू, आणि बहुतेक लढाईत नव्हे, रोगानं.  पुढच्या दहा वर्षांत तो हजारी १८ वर आल्याचं तिनंच लिहिलं. साम्राज्यानं हे आपल्या गोऱ्या शिपायासाठी केलं, छावणीबाहेरच्या वस्तीसाठी नाही, हेही विसरायला नको. पण पद्धत बघा. तिनं ठाण्यांना 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं नाही. मोरी कुठे जाते ते विचारलं.

आपले खासदार बहुतेक वेळा पहिल्या पद्धतीनं विचारतात. 'हे खरं आहे काय की...' आणि मंत्री उत्तर देतात, 'राज्यांकडून तसं कळवण्यात आलेलं नाही.' प्रश्न तसा, उत्तर तसं. मंत्र्यांवर खोटं बोलल्याचा आरोप करता येत नाही, कारण ते खोटं बोललेच नाहीत. मला विचाराल तर एवढ्यावर मंत्र्यांची सुटका होऊ नये. ज्याच्याकडे सगळ्या ठाण्यांचे रिपोर्ट येतात, त्यानं कोणाचे आले नाहीत हे न विचारता सांगायला हवं. पण न विचारता कोण सांगतो? मंत्री उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवू' असं म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, आणि सरकारी आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते. 'राज्यांचा विषय आहे' असं म्हटलं की आश्वासन उरत नाही, पाठपुरावाही नाही. म्हणूनच ते वाक्य इतकं लोकप्रिय आहे.

बंगालचे आकडे नंतर परत आले. २०२० ला पाच हजारांवर, २०२१ ला आठ हजारांवर, आणि २०२२ ला एकदम ६७ हजारांहून अधिक रुग्ण, ३० मृत्यू. २०१८ आणि २०१९ च्या घरांत मात्र ती दोन अक्षरं तशीच.

मी एक प्रश्न लिहून काढलाय, संसदेच्या साच्यात बसेल असा. डेंग्यूच्या राज्यवार माहितीत गेल्या दहा वर्षांत कोणत्या राज्यानं कोणत्या वर्षी माहिती पाठवली नाही. त्या राज्यांना मंत्रालयानं कोणत्या तारखांना स्मरणपत्रं पाठवली. त्यांची उत्तरं काय आली. आणि देशाची बेरीज देताना ही राज्यं वगळली आहेत असं बेरजेसमोरच लिहिण्यास सरकार तयार आहे काय. यातल्या एकाही भागाला 'राज्यांचा विषय आहे' हे उत्तर होऊ शकत नाही, कारण स्मरणपत्र लिहिणं हा दिल्लीचाच विषय आहे. तुमच्यापैकी कुणाला आपापल्या खासदाराला द्यायचा असेल तर खुशाल घ्या, त्यावर माझा हक्क नाही. डेंग्यूच्या जागी क्षयरोग घाला, सर्पदंश घाला, तुमच्या भागात जे असेल ते.

मी माझ्याकडून तो एका खासदारांच्या कार्यालयात देणार आहे. पंधरा दिवसांची मुदत पाळायची तर या आठवड्यात पोचायला हवा, आणि तिथले बाबू दुपारी दोननंतर जागेवर सापडत नाहीत. तेव्हा इथंच थांबतो.

नमस्कार.